थर टाकण्याआधी ठोकून बघा

सोलापूर परिसरातल्या जुन्या पुलांच्या दुरुस्तीवरचा एक लेख वाचला. ‘पुलावर काँक्रीटचा नवा थर टाकला की काम झालं’, असा त्याचा सूर आहे. अर्धंच पटलं.

आधी डांबर पूर्ण खरवडून पुलाचा काँक्रीटचा स्लॅब उघडा करायला हवा. मग त्यावरून जड साखळी ओढायची, शंका आली तिथे हातोडीने ठोकायचं. घट्ट काँक्रीट खणखणतं, आत पदर सुटला असेल तर पोकळ, बद्द आवाज येतो. डांबरावरून हे नीट कळत नाही. स्लॅब खालूनही बघा, विशेषतः एक्स्पान्शन जॉइंटजवळ (स्लॅबच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेली फट). आपल्याकडे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकत नाहीत, तरी तिथून झिरपणारं पाणी आतले लोखंडी गज गंजवतंच. गंजलेला गज फुगतो आणि वरचं काँक्रीट उचलतो. ते सुटलेलं काँक्रीट न काढता थर दिला, तर नवा थर जुन्यासकट उखडणार. मोठे ब्रेकर लावून फोडू नका, चांगल्या काँक्रीटलाही बारीक भेगा पडतात.

आणि वजनाचं काय? ५ सेंमी जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण १२० किलो. डिझाइन तपासल्याशिवाय हे ओझं चढवायचं नाही.

आपलं ऊन तर विसरूच नका! एप्रिल-मेमध्ये भर दुपारी पातळ थर ओतला तर संध्याकाळपर्यंत भेगाळतो. रात्री ओता, खालचा पृष्ठभाग आधी भिजवून वरचं साचलेलं पाणी पुसून घ्या, लगेच ओलं गोणपाट घाला. वाहतूक सुरू करण्याआधी पुल-ऑफ चाचणी (थर वर ओढून बघायची) घ्या, थर खाली धरलाय की नाही ते तिथेच कळतं.