कॅल्विनवर प्रेम आहे ना? मग छापा!

तुमचं कॅल्विनवर प्रेम आहे. हॉब्सवर तर आहेच. बिल वॉटरसन नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९८५ च्या नोव्हेंबरात हा सहा वर्षांचा कार्टा आणि त्याचा वाघ वर्तमानपत्रात आणला, आणि ३१ डिसेंबर १९९५ ला, ही व्यंगचित्रमालिका ऐन भरात असताना, गाशा गुंडाळला. आता एवढ्या प्रेमाचं करायचं काय? पुस्तकं घेऊन वाचता येतात, पण त्यात तुम्हाला चार पैसे सुटत नाहीत.

सुरुवात गाडीच्या मागच्या काचेपासून करा. अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून तिथे स्टिकरवर एक कॅल्विन उभा आहे. पाठमोरा, चड्डी खाली, मान वळवून खुनशी हसणारा, आणि धार थेट फोर्डच्या बोधचिन्हावर. गिऱ्हाईकच फोर्डवालं निघालं तर धार शेव्हरोलेवर वळवा, बाकी चित्र तेच. मूळ मालिकेत कॅल्विनने कुठल्याही कंपनीवर लघुशंका केलेली नाही, पण त्याने बिचकू नका. ती तुमची स्वतंत्र प्रतिभा.

भाविक गिऱ्हाइकालाही रिकाम्या हाताने पाठवू नये. त्याच्यासाठी हाच पोरगा क्रुसापुढे गुडघे टेकून बसलेला मिळतो. (कॅल्विनचं नाव सोळाव्या शतकातल्या जॉन कॅल्विन या धर्मसुधारकावरून ठेवलंय, तेव्हा या स्टिकरला निदान नावापुरता तरी आधार आहे. पहिल्याला तोही नाही.)

परवानगी मागायच्या भानगडीत मात्र पडू नका. उत्तर ठरलेलं आहे. वर्तमानपत्रांना मालिका विकणाऱ्या सिंडिकेटला बाहुल्या, टी-शर्ट, कप असं सगळं काढायचं होतं, आणि करारानुसार तसा हक्कही तिच्याकडे होता. वॉटरसन अनेक वर्षं तिच्याशी भांडला आणि १९९१ मध्ये नव्या करारात हक्क स्वतःकडे घेतले. कशासाठी? तर काहीही न विकण्यासाठी! एक-दोन कॅलेंडरं, एक शालेय पुस्तक आणि २०१० चं एक टपाल तिकीट असा किरकोळ अपवाद सोडला तर दुकानात ठेवण्यासारखं काही त्याने निघूच दिलं नाही. त्याच ऐंशीच्या दशकात गारफिल्ड हे दुसऱ्या एका चित्रकाराच्या मालिकेतलं मांजर रीतसर परवान्याने, पायांना रबरी चकत्या लावून, अमेरिकेतल्या गाड्यांच्या काचांना आतून चिकटलं होतं. व्यवहार कळणारा चित्रकार असा असतो.

पण वॉटरसनच्या हट्टाचा फायदा बघा. गारफिल्डची नकली बाहुली विकलीत तर गिऱ्हाईक ती अस्सल बाहुलीशी ताडून बघणार. इथे अस्सल मालच नाही, मग तुमचा नकली ठरेल कसा?

हॉब्सचं बाहुलं हा त्याहून नाजूक धंदा आहे. मालिकेत कॅल्विन एकटा असतो तेव्हा हॉब्स उंचपुरा, बोलणारा, टोमणे मारणारा वाघ असतो. आई खोलीत आली की तोच कापसाचं खेळणं होतो. यातलं खरं कुठलं हे दहा वर्षांत वॉटरसनने सांगितलं नाही. हॉब्सची बाहुली काढली की तो नक्की काय आहे याचा निकाल कारखानाच लावून टाकेल, म्हणून त्याचा विरोध होता. तुम्ही एवढा विचार करू नका. कापूस ठासून भरा, नारिंगी कापडावर काळे पट्टे शिवा, आणि खाली लिहा, ‘फक्त कोरड्या फडक्याने पुसावा’. निकाल लागला.

वकिलाची नोटीस आलीच तर घाबरून जाऊ नये. स्टिकरवाल्यांना खटल्याच्या धमक्या आल्या तेव्हा काहींनी कॅल्विनच्या जागी दुसराच कुठला तरी पोरगा उभा केला. काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही. तुम्ही केसांची टोकं थोडी कमी करा, शर्टावरचे पट्टे उभे करा आणि नाव ‘खोडकर मुलगा’ ठेवा. हॉब्सच्या पाटीवर ‘एका प्रसिद्ध वाघापासून प्रेरित’ एवढं पुरतं. ‘प्रेरित’ लिहिलं की माल निम्मा कायदेशीर झाला असं मानणारी मंडळी या धंद्यात बरीच आहेत.

मनाला फारच टोचलं तर खुद्द कॅल्विनची दुकानदारी आठवा. हा गडी लिंबू सरबताचा पेला पंधरा डॉलरला लावून बसतो आणि वर मागणी-पुरवठ्याचं तत्त्व ऐकवतो. एकदा तर टेबल मांडून एका डॉलरला ढुंगणावर सणसणीत लाथ विकायला बसतो. तुमचं स्टिकर त्या मानाने बरंच सभ्य, आणि गिऱ्हाईक ते हसत विकत घेतं.

आता फक्त जाहिरात उरली, आणि ती खुद्द वॉटरसननेच करून ठेवली आहे. फोर्डच्या चिन्हावर मुतणारा कॅल्विन इतका लोकप्रिय होईल याचा आपला अंदाज साफ चुकला, असं तो २००५ मध्ये म्हणाला. २०१३ च्या एका मुलाखतीत आणखी पुढे गेला: मालिका विसरली गेल्यावरही आपल्याला अमर ठेवतील ती ही स्टिकरंच. यापेक्षा मोठी शिफारस कुठल्या मालाला मिळाली आहे? पाकिटावर ठळक अक्षरात छापा. तो हे कुठल्या सुरात बोलला ते छापायला पाकिटावर जागा नसते.