कार्बनचं कापड गुंडाळलं, म्हणजे इमारत भूकंपरोधक झाली?

कोयनेच्या खोऱ्यात जरा जमीन हलली की सातारा-सांगलीच्या सोसायट्यांमध्ये व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: कार्बन फायबर (कार्बनच्या धाग्यांचं कापड, म्हणजेच शीट) स्टीलच्या दहापट मजबूत असतं, ते चिकटवणारा एपॉक्सी गोंद काँक्रीटपेक्षा मजबूत, म्हणून चिकटलेली शीट सुटत नाही, थर जितके जास्त तितकी ताकद जास्त, तेव्हा गिलावा न फोडता दोन दिवसांत पार्किंगचे कॉलम गुंडाळून घ्या आणि भूकंपाची चिंता सोडा. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. पैसे बुडतात ते उरलेल्या अर्ध्यात.

“स्टीलच्या दहापट मजबूत.” धाग्यापुरतं बोलायचं तर आकडा फार चुकलेला नाही, जुन्या साध्या सळईच्या तुलनेत तर नाहीच. पण सळई आधी ताणते, लांबते, मग तुटते. कार्बन १.५ टक्क्यांच्या आसपास ताणलं की काडकन तुटतं, मध्ये काही नाही. भूकंपात इमारत वाचते ती सळईच्या या लांबण्यावर. आणि तसंही, चिकटवलेली शीट तुटण्याच्या टोकापर्यंत सहसा पोचतच नाही. त्याआधी सुटते.

“एपॉक्सी काँक्रीटपेक्षा मजबूत, म्हणून सुटत नाही.” पहिला भाग खरा, आणि गोम तिथेच आहे. सुटलेल्या शीटची पाठ बघा. तिला वाळूचे कण आणि खडीच्या कपच्या चिकटलेल्या असतात, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर काँक्रीटच सोलून आलेलं असतं. गोंद हरत नाही, त्याच्यामागचं काँक्रीट फाटतं. ताणात काँक्रीट दोन-अडीच मेगापास्कललाच (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलोची ओढ) हात टेकतं; गोंद तीसला लागू दे नाहीतर साठला, साखळीची कमजोर कडी बदलत नाही.

म्हणून ‘गिलावा न फोडता’ हा या मजकुरातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे. गिलाव्यावर चिकटवलेली शीट गिलाव्याला लटकलेली असते, कॉलमला नाही. गिलावा काढायचा, मग काँक्रीटवरची सिमेंटची साय ग्राइंडरने खडी दिसेपर्यंत घासायची. ०.३ मिमीपेक्षा रुंद तडे एपॉक्सी इंजेक्शनने भरायचे. मग पुल-ऑफ चाचणी: लोखंडी चकती चिकटवून, कडेने खाच पाडून ओढायची. निदान १.४ मेगापास्कल यायला हवेत. ५० मिमी व्यासाच्या चकतीवर ही ओढ साधारण २८० किलो भरते. त्याच्या आत चकती काँक्रीट घेऊन निघाली, तर त्या जागी शीट चिकटवण्यात अर्थ नाही, आधी दुरुस्ती.

सांगलीकरांसाठी इथे एक जास्तीची गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली राहिलेल्या तळमजल्यांत कॉलमच्या सळया गंजल्या आहेत का, हे आधी बघावं लागतं. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ढकलतो आणि शीट वरून कितीही छान बसवली तरी फुगते. आणि ओल: पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून घाम दिसला, तर त्या दिवशी प्रायमरचा, म्हणजे शीटआधीच्या पहिल्या हाताचा, डबा उघडायचा नाही.

“जितके थर जास्त, तितकी ताकद जास्त.” बीमच्या तळाला लावलेल्या शीटचं गणित करून पाहू. धाग्याचा ताठपणा २३० गिगापास्कल, थराची जाडी ०.१६७ मिमी, काँक्रीटची सिलिंडरवरची ताकद २० मेगापास्कल, म्हणजे घनावर साधारण २५. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४०.२आर या मार्गदर्शनातल्या सूत्राने, शीट सुटण्याआधी एक थर सुमारे ०.९४ टक्के लांबू शकतो. दोन थर ०.६६. चार थर ०.४७. शंभर मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत हेच टनांत मांडलं तर एका थराला ३.७, दोनला ५.२ आणि चारला ७.३. चौपट माल, चौपट मजुरी, ओढ मात्र दुप्पट. चार थरांत धाग्याची जेमतेम एक तृतीयांश कुवत वापरली जाते. कोटेशनमध्ये ‘चार लेयर’ ठळक अक्षरांत दिसले, तर अँकरचं, म्हणजे शीटचं टोक काँक्रीटमध्ये रोवून धरण्याचं, काय ते आधी विचारा.

“धक्क्यात तर बॉण्ड उलट वाढतो.” बॉण्ड म्हणजे शीट आणि काँक्रीटमधली पकड. हे वाक्य मजकुराच्या नव्या आवृत्तीत जोडलेलं दिसतं. भार झटकन आला की काँक्रीटची ताणातली ताकद थोडी वाढते, हे खरं. पण भूकंप म्हणजे एक झटका नाही, उलटसुलट हिसक्यांची माळ आहे. वरच्या गणितातल्याच एका थराच्या शीटमध्ये तड्यापासून पुढचे सुमारे ९० मिलिमीटर सगळी ओढ घेतात. त्यापलीकडची शीट आपली पाळी येण्याची वाट बघत असते. प्रत्येक हिसक्याला त्या ९० मिमीत बारीक भेगा पडतात आणि भार घेणारा पट्टा पुढे सरकतो. सरकत सरकत टोकाला पोचला की उरलेली शीट एकदम सोलून निघते. त्यात भार उलटला की तीच शीट दाबात येते, आणि पातळ शीट दाब घेत नाही, वाकते. मिटलेला तडा पुढच्या हिसक्याला पुन्हा उघडतो, तो सैल झालेल्या बॉण्डसह.

शिवाय भूकंपात बीमवर सगळ्यात जास्त भार येतो कॉलमच्या तोंडाशी, आणि शीट संपते नेमकी तिथेच. कॉलममधून ती आरपार नेता येत नाही. तिथे यू-पट्ट्या (बीमला खालून आणि दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या शीटच्या पट्ट्या) किंवा धाग्यांचे अँकर लागतात. अँकर असा: भोक पाडायचं, धूळ फुंकून काढायची, एपॉक्सीत भिजवलेला धाग्यांचा जुडगा आत सारायचा आणि बाहेरचं टोक पंख्यासारखं शीटवर पसरायचं.

 

“पार्किंगचे कॉलम गुंडाळा, काम झालं.” कॉलम गुंडाळण्यात बॉण्डचं महत्त्व कमी आणि आवळण्याचं जास्त. धागे आडवे, चारी बाजूंनी, टोकावर टोक निदान १५० मिमी चढवून. असं केलं की जुन्या कॉलममधल्या लांब लांब अंतरावरच्या रिंगांची (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांची) उणीव बरीच भरून निघते: शिअर, म्हणजे आडवं कातरलं जाण्याला विरोध करण्याची ताकद, वाढतो, मजल्यालगत दिलेले सळयांचे जोड घट्ट धरले जातात, काँक्रीट फुटून बाहेर पडत नाही. इथे हे कापड खरंच गुणाचं आहे.

पण आपल्याकडचा कॉलम असतो २३० मिमी रुंद, भिंतीत बुजलेला. भिंत फोडायची नाही म्हणून तीन बाजूंना शीट लावून ‘रॅपिंग’ म्हणून बिल निघतं. तीन बाजूंनी आवळता येत नाही, जसं पट्टा पाठीमागून न नेता पोट आवळता येत नाही. कॉलमच्या दोन बाजूंचं प्रमाण दोनाच्या वर गेलं की आवळण्याचा फायदा धरू नये, असंही ४४०.२आर सांगतं. २३० बाय ४५० कसाबसा बसतो, २३० बाय ६०० बसत नाही. कोपरे निदान १३ मिमी त्रिज्येने गोल हवेत, २०-२५ केले तर उत्तम. धारदार कोपऱ्यावर धागा तिथेच कापला जातो.

आणि पार्किंगचा मजला खाली मोकळा, वर भिंतींनी भरलेला असेल, तर सगळी हालचाल त्या एका मजल्यात होते. ०.१६७ मिमीच्या शीटने कॉलम ताठ होत नाही. तिथे काँक्रीटचं जॅकेट (कॉलमभोवती नवा सळई-काँक्रीटचा थर), शिअर वॉल (काँक्रीटची सलग भिंत) किंवा ब्रेसिंगचा (तिरक्या आधारांचा) विचार हवा. आधी मूल्यांकन, मग उपाय, हा क्रम आय.एस. १५९८८:२०१३ या भारतीय मानकात दिलेला आहे.

“दोन दिवसांत.” शीट लावायला एक दिवस, हे मान्य. त्याआधीची दुरुस्ती आणि नंतरचे एपॉक्सी मुरण्याचे साधारण सात दिवस कोण धरणार?

एप्रिलच्या सांगलीत आणखी एक अडचण येते. डब्यावर लिहिलेला ३०-४० मिनिटांचा पॉट लाइफ, म्हणजे कालवलेलं एपॉक्सी वापरता येण्याचा वेळ, २५ अंशांचा असतो. चाळिशीत तो निम्म्याहून खाली येतो आणि मोठी बादली एकदम कालवली तर ती हातातच तापते. थोडं थोडं, काट्यावर वजन करून कालवावं, काम सकाळी करावं. घट्ट व्हायला लागलेल्या एपॉक्सीने शीट भिजत नाही, नुसती काळी दिसते.

मुरल्यावर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने पूर्ण शीट ठोकून बघायची आणि बद्द आवाजाच्या जागा खडूने आखायच्या. तेराशे चौरस मिलिमीटरपर्यंतचे, म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान पोकळ ठिपके, थोडे असतील आणि एकूण पाच टक्क्यांच्या आत असतील तर चालतात. सोळा हजारांच्या वरचा पोकळ भाग कापून नवा तुकडा चढवावा लागतो. हे सगळं रंग लावण्याआधी आणि शेवटचा हप्ता देण्याआधी, कारण नंतर त्या खडूच्या खुणांसाठी शिडी लावायला कोणी परत येत नाही.