खोली देता, मग कागद द्यायला काय होतं?

आज डोकं जाम फिरलंय, म्हणून दुकान बंद करून आधी हे लिहायला बसलोय.

दुपारी माझ्या झेरॉक्स अन् फॉर्म भरायच्या दुकानात एक केरळची पोरगी आली. मिरजेत एका हॉस्पिटलात नर्स आहे आणि आपल्या सांगलीत, विश्रामबागेत भाड्यानं राहते. तिला भाडेकरार करायचा होता. गॅस कनेक्शन घ्यायचंय, बँकेत पत्ता बदलायचाय. मी म्हटलं, मालकाचं आधार, पॅन आणि लाइट बिल लागेल. तिनं तिथूनच मालकाला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "अगं राहा की बिनधास्त, कागद कशाला पाहिजे? आमचा विश्वास आहे तुझ्यावर." आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी फोन घेतला. निघाले आपल्यातलेच! मी समजावून बघितलं, तर म्हणाले, "नको हो, उद्या डोक्यावर बसली म्हणजे?" आणि त्याच दमात वर विचारतात, "तुमची लेक काय म्हणती जर्मनीत? मजा आहे बुवा तिची!"

मजा!

बहुतेकांना माहीत आहे, माझी पोरगी स्टुटगार्टला नर्स आहे. ती गेली तेव्हा स्टेटसला विमानतळावरचा फोटो होता, तो सगळ्यांनी पाहिला. त्यानंतरचं कुणी पाहिलं नाही. तिकडं नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत महापालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, आनमेल्डुंग म्हणतात तिला. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, की ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडं राहायला आली. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. माझ्या पोरीची पहिली मालकीण काय म्हणाली? राहा, भाडं दे, पण नोंद करू नकोस.

सगळं तिथंच अडलं. त्या नोंदीनंतर अकरा आकडी कर क्रमांक पोस्टानं घरी येतो. तो नसेल तर पगारातून सगळ्यात चढ्या दरानं कर कापला जाऊ शकतो. बँकेत गेली तर तिथंही नोंदीचा दाखला मागितला. बॅगेत डिग्री, अंगावर नोकरीचा युनिफॉर्म, आणि पोरगी त्या गावात कागदावर कुठंच नाही. रात्री फोनवर रडायची. हिला कळू नये म्हणून मी गॅलरीत जाऊन बोलायचो. इथं आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून दिले, आणि पोटच्या पोरीच्या एका फॉर्मवर सही मिळवून देता येईना.

आपल्याकडं म्हणे सगळं कागदावर अडतं आणि तिकडं सगळं ऑनलाइन! घंटा ऑनलाइन. अर्धा कारभार अजून पत्रांवर चालतो. आणि घराच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन ते पत्र टाकत नाही, परत जातं. जर्मन भाषेच्या क्लासचे बोर्ड आता सांगलीत गल्लोगल्ली लागलेत. २०२४ साली आपल्या राज्य सरकारनं स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर विचारूच नका. क्रियापदं चालवायला शिकवतात, पण खोली घेताना आधी त्या सहीचं विचारा, एवढं एक वाक्य पोरांना सांगत नाहीत.

पुढं पोरीला तिथं एक सहकारी भेटली, केरळचीच. (म्हणून आज जास्त लागलं, कळलं ना?) तिनं दुसरी खोली बघून दिली. मालक ऐंशीच्या घरातले आजोबा. त्यांनी किल्ली देण्याआधी फॉर्म भरून ठेवला होता. आमच्या आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवरून एकेक अक्षर वाचून घेतलं, पट्टी छापली आणि खाली जाऊन स्वतः पेटीवर चिकटवली. पोरीनं त्या पेटीचा फोटो पाठवला. आमच्या घराण्याचं नाव एवढं सुबक मी लग्नपत्रिकेतही पाहिलेलं नाही. पहिलं पत्र आलं ते टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी भरायचे! आम्ही तेव्हा हसलो, खूप दिवसांनी.

आता कुणीतरी म्हणेल, काका, जर्मनीत कायदा आहे. अहो, आपल्याकडं पण आहे! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिकडं सही न देणाऱ्या मालकाला हजार युरोपर्यंत दंड आहे, म्हणजे धाक दोन्हीकडं आहे. पाचशेच्या बॉण्डवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरी केली की झालं, असं समजणाऱ्यांनीही कलम ५५ एकदा वाचावं. आणि इथं तर तेवढंही कुणी करत नाही.

भाडेकरू त्रास देतात, मान्य. घर अडकलेले दोघंतिघं माझ्याही ओळखीचे आहेत. पण त्यातल्या एकाकडंही धड नोंदवलेला करार नव्हता, त्याचं काय?

२०१९ च्या पुरानंतर माझ्या दुकानात लोक मार्कलिस्टा इस्त्रीनं सुकवून झेरॉक्सला आणत होते. शाई पसरलेली, कडा चिकटलेल्या. त्यातच भाड्यानं राहणारे यायचे, गुडघाभर चिखलातून, आणि विचारायचे, आम्ही याच घरात होतो हे पंचनाम्यात कसं दाखवायचं? कागद नव्हता. मालकानं विश्वास ठेवला होता ना! सांगलीकरांना हे मी सांगायला पाहिजे?

आणि "बाहेरची पोरं" हा शब्द तर आता कानाला नको झालाय. ज्यांची पोरं दुबईत, पुण्यात, मेलबर्नला भाड्यानं राहतात तेच सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बोलतात. तुमची पोरं तिथं बाहेरचीच आहेत की हो!

जास्त बोललो असेन. ते गृहस्थ तसे वाईट नाहीत, आमच्या अडचणीला धावून आलेले आहेत. त्यांचं नाव टाकणार नाही, ओळखलं असेल तरी कमेंटमध्ये लिहू नका. संध्याकाळी परत फोन केला तर म्हणाले, "मुलाला विचारून सांगतो." मुलगा कॅनडात असतो. त्यालाच विचारा म्हटलं, आणि त्याच्या मालकानं काय काय कागद दिले तेही विचारा.

बाकी ज्यांना करार करायचाय त्यांनी दुकानात या. ऑनलाइन होतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे, स्टॅम्प ड्युटी वेगळी. दोघांचं आधार, दोन साक्षीदार आणि सगळ्यांचे अंगठे. नर्सिंगच्या पोरींकडून मी टायपिंगचे पैसे घेत नाही. मालकांकडून डबल घेईन.