लाल रंग म्हणजे शेकरू नव्हे

मॅक्सएंटने (प्राण्याच्या नोंदी आणि हवामान यांवरून त्याला योग्य जागा कुठे असतील याचा अंदाज बांधणारा संगणक-प्रोग्राम) काढलेले शेकरूचे रंगीत नकाशे फिरत असतात आणि त्यांखालचा मजकूर ठरलेला असतो: एयूसी (मॉडेलच्या परीक्षेतला आकडा) ०.९५, म्हणजे नकाशा ९५ टक्के अचूक. लाल पट्ट्यात शेकरू आहे, निळ्यात नाही. हवामानाचे १९ घटक वापरलेत, म्हणजे काही सुटलेलं नाही. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘९५ टक्के अचूक.’ शेकरूच्या नोंदीचा एक बिंदू आणि पार्श्वभूमीतला, म्हणजे तुलनेसाठी त्या भूभागातून कुठूनही घेतलेला, एक बिंदू डोळे मिटून उचलला, तर मॉडेलकडून नोंदीच्या बिंदूला जास्त गुण मिळण्याची शक्यता ०.९५, एवढाच एयूसीचा अर्थ. मॅक्सएंट पार्श्वभूमीसाठी एरवी १०,००० बिंदू घेतं. ते अख्ख्या भारतातून घेतले की कित्येक थरच्या वाळवंटात आणि गंगेच्या मैदानात पडतात. भीमाशंकरचं रान वाळवंटाहून वेगळं आहे, हे सांगायला मॉडेल कशाला हवं? प्रश्न महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा असेल तर पार्श्वभूमी तेवढ्या पट्ट्यापुरती आवळा. एयूसी उतरेल, पण नकाशा कामाचा होईल. शेजारशेजारच्या दोन नोंदींपैकी एक शिकवायला आणि दुसरी परीक्षेला ठेवली, तर पेपर फुटलेलाच असतो. म्हणून भूभागाचे मोठे चौकोन पाडून एकेक चौकोन तपासणीसाठी बाजूला काढायचा.

‘लाल म्हणजे आहे, निळा म्हणजे नाही.’ ‘नाही’ची नोंद मॉडेलला दिलेलीच नसते. ‘आहे’च्या नोंदी येतात त्या माणसं फिरतात तिथून, भीमाशंकर-महाबळेश्वरच्या वाटांवरून. मग मॉडेल शेकरूऐवजी रस्तेच शिकतं. नकाशा ज्या लहान चौकटींचा बनतो, त्यांतल्या एका चौकटीत एकच नोंद ठेवा, आणि पार्श्वभूमीचे बिंदू लोकांनी इतर प्राणी नोंदवलेल्या जागांमधून घ्या.

‘१९ घटकांत सगळं आलं.’ खरी गोम इथे आहे. वर्ल्डक्लिम २ या जागतिक हवामान-नकाशासंचातले हे १९ घटक, म्हणजेच १९ थर, १९७० ते २००० च्या तापमान-पावसाच्या सरासरीवरून काढलेले. त्यातले बरेच एकमेकांच्या सावलीसारखे, सहसंबंध ०.७ च्या वर गेला की जोडीतला एकच ठेवतात. तापमान आणि पाऊस एकत्र गुंफणारे ८, ९, १८, १९ क्रमांकाचे थर बहुधा गाळलेलेच बरे. शेजारच्या चौकटीत ‘सर्वांत ओली तिमाही’ एका महिन्याने सरकली, की आठव्या थरातलं, म्हणजे त्या तिमाहीचं, तापमान उडी मारतं आणि जमिनीवर नसलेली रेघ नकाशावर उमटते.

शेकरूला पाऊस लागतो तो झाडांसाठी. ते जमिनीवर क्वचित उतरतं. फांदीला फांदी भिडलेली हवी. मधली झाडं तोडून रस्ता काढला तर सरासरी पाऊस तोच, शेकरूची वाट मात्र बंद. ‘मग वृक्षछताचा (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेल्या भागाचा) थर घालू’ म्हणावं, तर वर्ल्डक्लिमची सर्वांत बारीक चौकट या अक्षांशावर सुमारे ८० हेक्टरची. दोन हेक्टरची देवराई तिच्यात विरघळते. छत ३० मीटरच्या उपग्रहचित्रावरच मोजा आणि सरासरीबरोबर प्रत्येक चौकटीतला सर्वांत मोठा सलग तुकडाही काढा. ४० टक्के छताच्या दोन चौकटी सारख्या दिसतात. एकीत सलग रान असतं, दुसरीत बांधाबांधावर विखुरलेले आंबे.