परतीचा रकाना

काल संध्याकाळी माझी चेंज रिक्वेस्ट, म्हणजे यंत्रणेत बदल करू द्या असा विनंतीचा फॉर्म, परत आली. शेरा एका ओळीचा: ‘परतीची योजना असमाधानकारक.’ बिघडलं तर पूर्वस्थितीला कसं येणार, ती परतीची योजना. हे मला एकटीला कळवलं असतं तर मी निमूट गिळलं असतं. पण मेलच्या कॉपीत बिलिंगवाले, टेस्टिंगवाले, आमच्या साहेबांचे साहेब आणि कँटीनचं कंत्राट बघणारे गृहस्थ, सगळे हजर. आज सकाळी चहाच्या मशीनपाशी एका नवख्या पोराने हसत हसत विचारलं, ‘मॅडम, परतीचं जमलं का?’ तो पावसाबद्दल विचारत असावा अशी मी स्वतःची समजूत घातली.

प्रकरण थोडक्यात सांगते. ऑफिस बाणेरला, सर्व्हर आमच्याच मशीनरूममध्ये. ॲप्लिकेशन्स कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यांत चालतात, ते डबे कुबरनेटीस ही प्रणाली सांभाळते, त्यांचा डेटा सेफमध्ये (Ceph, अनेक यंत्रांवर डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) असतो आणि सेफची उस्तवार रूक नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर करतं. आमचं सेफ १७व्या आवृत्तीवर आहे. तिचं नाव क्विन्सी, ती २०२२ची, आणि तिला आता दुरुस्त्या मिळत नाहीत. जायचंय १९व्यावर, म्हणजे २०२४च्या स्क्विडवर. एका उडीत दोन मोठ्या आवृत्त्या ओलांडता येतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे आता नाही गेलो तर पुढे दोनदा जावं लागेल.

आणि जायचं म्हणजे बटण दाबून घरी जायचं असं नसतं. आधी क्लस्टर, म्हणजे सेफ चालवणारा यंत्रांचा सगळा गट, ‘हेल्थ ओके’वर आणावं लागतं. ते असतं ‘हेल्थ वॉर्न’वर, कायम. कुठली तरी प्रोसेस दहा दिवसांपूर्वी कोसळून स्वतःच उठलेली असते, पण सेफ दोन आठवडे ते विसरत नाही. नोंद आर्काइव्ह केल्याशिवाय गप्प बसत नाही. कुठे डिस्क ८५ टक्क्यांवर भरलेली. कुठे खोल तपासणी वेळेत झाली नाही म्हणून कुरकुर. मॉनिटरच्या (पडदे नव्हेत, क्लस्टरवर नजर ठेवणाऱ्या प्रोसेस) घड्याळांत ०.०५ सेकंदाहून जास्त फरक पडला तरी इशारा येतो. एका सेकंदाचा विसावा भाग! ज्या ऑफिसात अकराची मीटिंग पावणेबाराला सुरू होते आणि उशिरा येणारा ‘चला, वेळेत आलो’ म्हणत खुर्ची ओढतो, तिथे मी यंत्रांची घड्याळं जुळवत बसलेली असते. हे सगळं हिरवं करून, कंटेनरच्या इमेजेस, म्हणजे त्यांचे तयार साचे, आपल्या कोठारात आधीच ओढून ठेवून, टेस्ट क्लस्टरवर रंगीत तालीम करून मी फॉर्म भरला होता.

फॉर्म चेंजकाकांकडे जातो. काका पन्नाशीचेच आहेत, पण हा हुद्दा माणसाला काका करतो. कंपनीतल्या प्रत्येक बदलाला त्यांची मंजुरी लागते आणि सगळ्या बदलांना फॉर्म एकच. लिफ्टच्या दुरुस्तीला जो, तोच डेटाबेसला. त्यामुळे माझ्या फॉर्मात ‘धूळ उडेल का?’ असाही रकाना होता आणि ‘पार्किंगवर परिणाम’ हाही. दोन्हीत मी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं. परतीच्या रकान्यात लिहिलं, ‘लागू नाही.’

‘मॅडम, असं कसं लागू नाही?’ काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

‘सेफ एकदा मोठ्या आवृत्तीवर गेलं की मागच्या आवृत्तीवर उतरवायची सोय नाही, काका.’

‘कोण म्हणतं?’

‘बनवणारेच म्हणतात. लेखी आहे.’

‘बनवणारे म्हणजे कोण?’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला माहिती द्यायची खोड आहे. म्हटलं, मुळात सेज वाइल नावाच्या गृहस्थांचा २००७ सालचा पीएचडीचा प्रबंध, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतला. त्यातून हे निघालं.

‘म्हणजे अजून थिअरीच आहे?’ काका म्हणाले, आणि त्यांनी खरोखर कागदावर टिपून घेतलं. आमच्या पगाराच्या स्लिपा कित्येक वर्षं त्याच थिअरीवर साठवल्या जातात, हे मी सांगितलं नाही.

मग ते तांत्रिक तपशिलात उतरले. माणूस नुसता अडेल असता तर मला राग आला नसता. हा माणूस मदत करू बघत होता.

‘तुम्हीच वर लिहिलंय, डेटाच्या तीन प्रती असतात.’

‘हो. तीन वेगवेगळ्या नोडवर, म्हणजे यंत्रांवर.’

‘झालं तर मग! दोन प्रती वर न्या, तिसरी जुन्याच आवृत्तीत ठेवा. बिघडलं की तिच्यावरून परत.’ आणि खुर्ची मागे रेलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शेजारच्या टेबलावरची मुलगी टाळी वाजवते की काय असं मला वाटलं.

मी सांगितलं की तिसरी प्रत कपाटात जपून ठेवलेली नसते. लिहिलेली प्रत्येक गोष्ट तिन्हीकडे पोचते, तेव्हाच सेफ ‘लिहिलं’ म्हणतं. एकीत घाण गेली की तिन्हीत जाते.

‘मग तीन कशाला?’

‘डिस्क मेली तर.’

‘डिस्क मरते?’ काकांचा आवाज खाली आला. ‘हे फॉर्मात कुठे लिहिलंय?’

डिस्कचा विषय कसाबसा मिटवून आम्ही मॉनिटरवर आलो. तेही तीन, कारण बहुमताचा कोरम लागतो. तिघांपैकी दोघे हजर नसले तर सेफ कामच थांबवतं. कोरम शब्द ऐकून काका खुलले. ते कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. तिथे सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते, मग तीच सात माणसं चहा पिऊन त्याच खुर्च्यांत बसतात आणि लिफ्टपासून लीकेजपर्यंत सगळे ठराव मंजूर करतात. तहकूब सभेला कोरम लागत नाही. ‘तसं करा ना. अर्धा तास थांबायचं,’ काका म्हणाले. मला क्षणभर सेफची कीव आली. बिचाऱ्याकडे उपविधी नाहीत. एकटा उरलेला मॉनिटर चहा पिऊन ठराव करत नाही, तो बसून राहतो, आणि पुण्यातली आमची सगळी गिऱ्हाइकं फोन करायला लागतात.

‘बॅकअप तरी आहे ना?’

‘आहे. पण तो भरायचा म्हणजे नवं क्लस्टर उभारायचं, सगळा डेटा पुन्हा ओतायचा. दिवस जातील.’

‘म्हणजे परतीचा मार्ग आहे!’

‘काका, तो परतीचा मार्ग नाही. तो पुनर्जन्म आहे.’

‘मग तसं लिहा.’

‘पुनर्जन्म?’

‘रिस्टोरेशन लिहा हो,’ काका वैतागून म्हणाले.

लिहिलं. पुढचा अर्धा तास ‘गरज पडल्यास’ असावं की ‘आवश्यकता भासल्यास’, यात गेला.

आता हसून झालं असेल तर एक सांगते. त्या सबंध वेळात मला कुणी विचारलं नाही की टेस्ट क्लस्टरवर काय झालं. (एक नोड अर्ध्या वाटेत अडकला होता, कारण सापडलं, इलाज लिहून ठेवलाय.) नोड रीस्टार्ट करताना नोआउट नावाचा ‘डिस्क बाद करू नकोस’ हा आदेश लावणार का, हेही नाही. तो लावला नाही तर दहा मिनिटं गप्प असलेल्या डिस्कला सेफ गेलेली समजतं आणि तिच्यावरचा डेटा इतर डिस्कवर नव्याने उभा करायला घेतं, भर अपग्रेडमध्ये. अपग्रेडचा क्रम कुणी विचारला नाही: आधी मॉनिटर, मग मॅनेजर, मग प्रत्यक्ष डिस्क सांभाळणारे ओएसडी. (मॅनेजर आधी वर जातात आणि ओझं उचलणारे नंतर, याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटलं नसतं.) आणि हाच अपग्रेड पुढे ढकलला तर? तर ऑडिटवाले विचारणार, दुरुस्त्या न मिळणारी आवृत्ती अजून का चालवता. तो मेलही मलाच येणार. कॉपीत तीच सगळी मंडळी. तेव्हा मात्र परतीच्या रकान्याचं नाव कुणी काढणार नाही.

असो. दुपारी जेवणानंतर मंजुरी आली. शनिवारी रात्री एक ते चार. ‘आपली पुण्याची ठरलेली वेळ!’ असं काकांनी मेलमध्ये लिहून पुढे हसरा चेहरा टाकला होता. रात्रीच्या कॅबसाठी वेगळी विनंती टाकायची होती, ती मी टाकली. मग सवयीने चेंजच्या कॅलेंडरमध्ये डोकावले. शनिवारी रात्रीच, दोन वाजता, आणखी एक मंजूर काम दिसलं: जनरेटरची चाचणी. मुख्य वीज बंद करून भार जनरेटरवर घ्यायचा. आमच्याच मजल्याचा.

मी काकांना फोन लावला.

‘अहो काका, त्याच रात्री जनरेटर?’

‘हो. त्यांचा फॉर्म आठवड्यापूर्वीच आला होता. एकदम पूर्ण. परतीच्या रकान्यात लिहिलंय, जनरेटर बंद करून मुख्य वीज चालू करणे. बघा, याला म्हणतात योजना.’

‘पण त्या वेळी माझं अर्धं क्लस्टर नव्या आवृत्तीवर असेल आणि अर्धं जुन्या.’

‘तुमच्या फॉर्मात विजेचा उल्लेख नाही, मॅडम.’

‘विजेचा रकानाच नाही!’

‘रकाना वाढवायचा असेल तर ती फॉर्ममधली सुधारणा झाली. त्याची चेंज रिक्वेस्ट टाका. आणि तुमची तारीख बदलायची असेल तर आधी ही रद्द करायची रिक्वेस्ट टाका.’ मग जरा थांबून, अगदी मायेने, ‘त्यात पार्किंगचं लिहायला विसरू नका.’