दहा मिन्टात डुकर शिजता काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. पोर्क आणि भाज्या मोठ्या आचेवर परतण्याची माझी कृती वाचून तुम्ही विचारलंत, "दहा मिन्टात डुकर शिजता काय? आमच्याकडे दीड तास रटरटतं तेव्हा कुठे खाण्याजोगं होतं." पुढे लिहिलंत की किलोभर आणून करून बघितलं, तर कढईत नुसतं पाणी आणि मटण चिवट. कच्चं राहून कोणाच्या मेंदूत जंत गेले तर जबाबदार कोण, हेही विचारलंत. आणि सोया सॉस घातलेलं हे कोकणातलं कसं, हा टोला वेगळाच.

टोल्याचं आधी उरकतो. हा पदार्थ कोकणचा पारंपरिक आहे असं मी म्हटलेलंच नाही. परतण्याची रीत चिनी आहे. चवळीच्या शेंगा, कोबी, गाजर, आलं आपल्या वेंगुर्ल्याच्या बाजारातलं आहे. वसईच्या ईस्ट इंडियन (म्हणजे तिथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती) घरांतलं इंदियाल किंवा सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती घरांतलं नाताळचं सोरपोतेल यांच्या पंगतीत मी याला बसवत नाही. ते व्हिनेगरमध्ये मुरलेले पदार्थ, दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागणारे. हा कामावरून आल्यावर भात शिजेपर्यंत होणारा.

आता दीड तास. तुमच्याकडे दीड तास लागतो हे अगदी खरं, कारण तुम्ही खांद्याचा, पोटाकडचा, कातडीसकट भाग घेता. त्या मांसात कोलाजेन, म्हणजे मांसाला बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. ते विरघळून जिलेटिन व्हायला मंद आच आणि वेळ दोन्ही लागतं, आणि तेच रश्शाला तो चिकट दाटपणा देतं. पाठीच्या बिनहाडाच्या मांसात किंवा अंडरकटमध्ये (कण्याच्या खालच्या मऊ मांसात) कोलाजेन फारच कमी. त्याला दीड तास दिलात तर चऱ्हाट होईल. उलट खांद्याचे तुकडे दहा मिनिटांत परतले तर ते चिवट राहणारच. तुम्ही नेहमीचंच मटण आणलं असणार, असा माझा अंदाज आहे. खाटकाला 'परतायला हवंय, पाठीचं द्या' एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. घरी आणल्यावर ते अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. थोडं कडक झालं की सुरी सरळ चालते. मग धाग्याच्या आडवे, तीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचे काप करा.

या जाडीवरच सुरक्षिततेचं सगळं गणित आहे. जंतू मरतात ते मांसाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचल्यावर. मोठ्या तुकड्याला त्यासाठी वेळ लागतो, पातळ कापाला दोन-तीन मिनिटं पुरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठीचं तापमान ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ वर आणलं, शिवाय आचेवरून काढल्यावर ३ मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्यासाठी मात्र ७१ कायम ठेवलं. आपल्याकडे डुक्कर कुठे चरलं हे नेहमी कळत नाही, म्हणून मी ६३ वर थांबत नाही, ७१ च्या वर जाऊ देतो. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड काप मोडून बघा. आत कुठेही गुलाबी दिसलं तर अजून परता. भाज्या करकरीत हव्यात, मांस नाही.

मेंदूतल्या जंताची भीती खोटी नाही, पण तो तिथे पोचतो कसा याबद्दल आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. डुकराच्या कच्च्या मांसातल्या अळीच्या गाठी पोटात गेल्या तर आतड्यात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा लांब जंत, वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे. ती अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, दूषित पाणी, मळ्यातली भाजी यांमार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातात. म्हणून जन्मात डुक्कर न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. थोडक्यात, पोर्क नीट शिजवायचंच, पण ताटातली कच्ची कोशिंबीरही तितक्याच संशयाने बघायची. माझ्या कृतीत कोबी आहे. त्याची वरची पानं काढून टाका, बाकीची सुटी करून एकेक वाहत्या पाण्याखाली धुवा. कच्चं मटण कापलेली सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय भाजीला लावू नका.

राहिलं पाणी. मी कृती ३०० ग्रॅमची दिली होती, तुम्ही किलो घातलंत. हॉटेलातली चिनी भट्टी आपल्या गॅसच्या कितीतरी पट उष्णता देते. घरच्या शेगडीवर किलोभर थंड मटण पडलं की कढई गारठते, रस सुटतो आणि मग ते परतलं जात नाही, उकडलं जातं. माणसं जास्त असतील तर चार घाण्यांत करा. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवा, शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घाला (घाण्याचं खोबरेल इथे नको, लवकर जळतं). सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि थोडं तेल चोळलेले काप एका थरात पसरा. लगेच हलवू नका, खालून रंग येऊ द्या. उलटून शिजवा, ताटलीत काढा. सगळे घाणे झाले की त्याच कढईत आलं-लसूण, मग शेंगा नि गाजर, शेवटी कोबी. धुतलेल्या भाज्या कोरड्या पुसून घ्या. पावसाळ्यात हे हमखास राहून जातं. मटण परत घालून मिनिटभर सगळं एकत्र हलवा.

सोया सॉस खटकतच असेल तर तो वगळून मीठ, जाडसर कुटलेली मिरी आणि शेवटी माडीच्या व्हिनेगरचा एक चमचा घाला. व्हिनेगर गॅस बंद केल्यावर. रंग फिका येईल, चव मला तरी तशीही आवडते.