उड्डाणाच्या सहलीत मुलांना चुकीचं कारण शिकवू नका

विमान कसं उडतं हे समजावं म्हणून मुलांना सहलीला नेणाऱ्या शाळांचं मला मनापासून कौतुक आहे. खऱ्या विमानाच्या पंखाखाली उभं राहून मान वर करून बघण्यात जे आहे, ते फळ्यावरच्या आकृतीत कधीच येणार नाही. म्हणूनच वाटतं, की अशा सहलींमध्ये वर्षानुवर्षं सांगितली जाणारी एक गोष्ट आता थांबवायला हवी.

ती गोष्ट अशी: पंख वरून फुगीर आणि खालून सपाट असतो. समोरून येणारी हवा दोन वाटांनी जाते. वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, पण दोघींना मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायचं असतं, म्हणून वरची हवा जोरात धावते, तिथला दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो. ऐकायला सुटसुटीत आहे, लक्षातही राहतं. पण दोघींनी एकाच वेळी पोचलं पाहिजे असा नियम निसर्गात कुठेच नाही! विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून पंखांची चाचणी घ्यायच्या बंदिस्त बोगद्यात, धूर सोडून पाहिलं, तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या टोकाला पोचलेली दिसते. शिवाय कसरती करणारी विमानं उलटी होऊनही उडतात आणि त्यातल्या अनेकांचे पंख दोन्ही बाजूंनी सारखेच फुगीर असतात. एखादी चुणचुणीत मुलगी विचारणारच, "मग उलटं झाल्यावर ते खाली का येत नाही?" त्या गोष्टीत या प्रश्नाला उत्तर नाही.

वरची हवा वेगात असते आणि तिथला दाब कमी असतो, हे मात्र खरं आहे. हवेचा वेग वाढतो तिथे दाब कमी होतो, या नियमाच्या बर्नुली या शास्त्रज्ञाचं काही चुकलेलं नाही, चुकतं ते आपण सांगतो ते कारण. पंख हवेला खाली वळवतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा पंखाला वर रेटते. दाबातला फरक आणि हवेचं खाली वळणं ही एकाच घटनेची दोन अंगं आहेत. उलट्या विमानाचा वैमानिक पंखाचा कोन असा धरतो, की हवा तरीही जमिनीकडेच वळते. सहावी-सातवीच्या मुलांना हे नक्की समजतं, फक्त ते आधी हाताला जाणवायला हवं.

त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. एक टेबलफॅन, एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि त्या काट्यावर ठेवायला, जड बैठकीच्या काडीवर बसवलेला पुठ्ठ्याचा पंख. फॅनचा वारा गरगरत येतो, तो सरळ करायला समोर स्ट्रॉची जुडी बांधायची. पंखाची पुढची कड जराशी उचलली की काट्यावरचा आकडा उतरतो. आणखी उचलली की आणखी उतरतो. मुलांना वाटतं, हे असंच चालत राहणार. पण एका मर्यादेनंतर आकडा उलट चढायला लागतो, कारण हवा पंखाच्या पाठीला धरून वाहणं सोडते. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. नेहमीच्या विमानांच्या पंखात ही मर्यादा साधारण 15 अंशांच्या आसपास असते. तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी फिरताना पाहिलेलं मूल स्टॉल विसरणार नाही, त्याची व्याख्या पाठ करायची तर गरजच नाही.

राइट बंधूंनी तरी दुसरं काय केलं? 17 डिसेंबर 1903 चं ते 12 सेकंदांचं, 120 फुटांचं उड्डाण प्रत्येक फलकावर असतं. त्याआधीचं 1901 साल मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरं विज्ञान तिथे आहे. त्या वर्षीच्या ग्लायडरला अपेक्षेपेक्षा खूपच कमी उचल मिळाली. तेव्हा त्यांनी अठराव्या शतकापासून सगळे वापरत आलेल्या आकड्यावरच शंका घेतली. हवेच्या रेट्याचा तो गुणांक 0.005 धरला जायचा, त्यांच्या हिशेबात तो 0.0033 च्या जवळ आला. मग सुमारे 6 फूट लांबीची लाकडी पेटी बनवून त्यात पंखा लावला, करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून तराजू बनवले आणि पंखांचे कितीतरी आकार एकेक करून मोजले. 1902 चं त्यांचं ग्लायडर उत्तम उडालं ते या मोजमापामुळे. छापील पुस्तकातला आकडाही तपासून बघता येतो, हे मुलांना याहून चांगलं कशातून कळेल?

सध्याच्या सहलींत मुलं बहुतेक वेळ रांगेत असतात नाहीतर फलकावरची वाक्यं वहीत उतरवत असतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. कागदी विमानाच्या नाकाला क्लिप लावली की ते डोलायचं का थांबतं, मागची कड वर दुमडली की नाक वर का जातं, हे एका वेळी एकच बदल करून बघायला अर्धा तास दिला तरी विमानाचा समतोल आणि शेपटीचं काम दोन्ही समजेल.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढची सहल ठरवताना तिथे मुलांना हाताने काय करून बघता येईल, हे आधी फोन करून विचारा. काहीच नसेल तर फॅन आणि वजनकाटा शाळेतून सोबत न्या. मुलांचे जे प्रश्न तिथे सुटणार नाहीत ते लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्यापासूनच सुरुवात करा. या नादात दोन दालनं बघायची राहिली, तर राहू द्या.